दौऱ्यावरच्या साथीदाराने कॅमेरा आणि रेकॉर्डर कसा बाळगावा

प्रश्न एका तरुण तबलावादकाचा आहे. महिन्यातले आठ-दहा दिवस ते कार्यक्रमांसाठी प्रवासात असतात आणि वर्षातून एखादा परदेश दौराही होतो. साठ-सत्तर हजार रुपये बाजूला पडले आहेत. त्यांतून मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारी दांडी), ध्वनिमुद्रणासाठी रेकॉर्डर आणि जमल्यास एक छोटा ड्रोन घ्यावा का, आणि घेतलाच तर या साऱ्याचा वादनाशी मेळ कसा घालावा, असे त्यांनी विचारले आहे. ‘या नादात रियाज सुटेल’ असे घरचे म्हणतात, हेही त्यांनी लिहिले आहे. मी चोवीस वर्षे संवादिनीची साथ करतो आहे आणि त्यांतली सोळा-सतरा वर्षे पेटीच्या जोडीने कुठला ना कुठला कॅमेरा माझ्या खांद्यावर आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

आधी मत सांगतो आणि मग कारणे देतो. ड्रोन आणि गिंबल घेऊ नका, रेकॉर्डर आत्ता घ्या, कॅमेरा सहा महिन्यांनी आणि तोही वापरलेला घ्या. घरच्यांच्या शंकेबद्दल एवढेच सांगेन की यंत्रांची आवड असलेला गवई-वादक ही काही आजची गोष्ट नाही. पंडित भीमसेन जोशी स्वतः गाडी चालवत गावोगावच्या मैफलींना जात असत आणि गाडीच्या यंत्रातही त्यांना रस होता. ज्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर आज घरोघर रियाज चालतो, तो १९७९ मध्ये घडवला बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी, आणि ते अभियंता होते तसेच बासरीवादकही. रियाज सुटतो तो यंत्रामुळे नव्हे, तर कार्यक्रमाच्या दिवशी यंत्र हाताळत बसल्यामुळे. त्यावर उपाय आहे आणि तो पुढे येईल.

ड्रोनचा विषय लवकर संपवतो. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार त्याची नोंदणी आणि उड्डाणाची क्षेत्रे यांचे बंधन आहे, आणि मोरोक्को किंवा इजिप्तसारख्या देशांत तर तो विमानतळावरच काढून घेतला जातो. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री परक्या देशातल्या सीमाशुल्क कक्षात बसण्याची हौस कोणाला असेल असे वाटत नाही. गिंबल चालता-फिरता चित्रण करण्यासाठी असतो, आणि आपण तर बसून वाजवतो.

आता वजन. देशांतर्गत विमानप्रवासात साधारणपणे १५ किलो सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलो हातात, असा हिशेब असतो. तबला, डग्गा, दोन वेगळ्या पट्ट्यांचे जादा तबले आणि चुंबळी एवढे भरले की १५ किलो जवळजवळ संपतात. कपडे आणि बाकीचे सामान हातातल्या ७ किलोंत ढकलावे लागते. तेव्हा कॅमेऱ्यासाठी तुमच्याकडे खरोखर उरतो तो दीड-दोन किलोंचा अवकाश. दुकानात उभे असताना किमतीआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. शिवाय नियम उलटसुलट आहेत, हेही लक्षात असू द्या. तबल्याची हातोडी हातातल्या सामानात चालत नाही, ती पोटात द्यावी लागते, तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक पोटात चालत नाहीत, त्या हातातच न्याव्या लागतात. पॉवर बँकेची मर्यादा १०० वॅट-तास आहे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तासांची भरते, म्हणजे ती बिनधास्त न्यावी, मात्र तिच्यावरचा छापील आकडा पुसट झालेला नसावा. घाईत एकदा मी हातोडी कॅमेऱ्याच्या पिशवीत टाकली होती आणि ती सुरक्षा तपासणीच्या टेबलावर कायमची राहिली. त्या रात्री तबलजींनी आयोजकांच्या घरच्या हातोडीने तबला लावला, आणि तो तसा का लावावा लागला हे मला आजतागायत ऐकवतात.

मुख्य मुद्दा आता येतो. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराकडे तुमच्यापेक्षा चांगला कॅमेरा आणि लांब पल्ल्याचे भिंग असणारच, पण दोन गोष्टी फक्त तुमच्याकडे आहेत: पुढच्या क्षणी काय होणार याचे भान, आणि पडद्याआडची जागा. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाचे एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) बारा मात्रांचे असते आणि लय खूप संथ असेल तर त्याला पाऊण ते एक मिनिट लागते. ज्याला ताल कळत नाही तो या मिनिटभरात पन्नास वेळा बटण दाबतो आणि त्याच्या हाती तोंड वेडेवाकडे झालेले, डोळे अर्धे मिटलेले चेहरे लागतात. तुम्हाला मात्र ठेक्यातला ‘तिरकिट’ हा बोल ऐकून कळते की आता समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, किती अवधी आहे. तेवढ्यात चौकट लावावी, श्वास धरावा आणि समेला एकदाच बटण दाबावे. समेवर गायकाच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसते, साथीदारांची एकमेकांकडे जी नजर जाते, ती दुसऱ्या कोणत्याही मात्रेवर सापडत नाही. तानेच्या मध्यात छायाचित्र कधीही घेऊ नये, तेथे कोणीच सुंदर दिसत नाही.

हे मी शिकलो ते बोलणी खाऊन. साधारण बारा वर्षांपूर्वी कोकणातल्या एका वाड्यात खासगी मैफल होती. त्या दिवशी साथ दुसऱ्याची होती आणि मी श्रोत्यांत पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन बसलो होतो. तो जुन्या पद्धतीचा, आत आरसा असलेला कॅमेरा. प्रत्येक छायाचित्राला आरसा उचलल्याचा ठसठशीत आवाज यायचा. माजघरात चाळीस माणसे, ध्वनिक्षेपक नाही, आणि गाणाऱ्या बाई मारवा रागाच्या विलंबितात. मी अगदी जपून सहा-सात छायाचित्रे घेतली असतील. मैफल संपल्यावर चहाच्या वेळी त्यांनी मला जवळ बोलावले आणि शांतपणे म्हणाल्या, “अरे, तुझा खटका समेच्या आधी पडतो. अर्धी मात्रा.” रागावल्या नव्हत्या, चूक दाखवत होत्या, आणि म्हणूनच ते जास्त लागले. पुढे तो कॅमेरा होता तोवर मी बटण समेवरच दाबत राहिलो, कारण ठेक्यातल्या ‘धिं’खाली तो आवाज झाकला जात असे. समेवरच्या चेहऱ्यांचा शोध मला असा लागला.

आजच्या मिररलेस कॅमेऱ्यांत निःशब्द शटर असते, त्यामुळे ही अडचण संपली असे वाटेल, पण तिची जागा दुसरीने घेतली आहे. निःशब्द शटर संवेदकावरचे (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या भागावरचे) चित्र एका दमात न वाचता ओळीओळीने वाचते. रंगमंचावरचे एलईडी दिवे डोळ्यांना स्थिर वाटले तरी प्रत्यक्षात झपाट्याने लुकलुकत असतात, आणि मग चित्रावर आडवे काळपट पट्टे उमटतात. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवले की बहुतेक ठिकाणी पट्टे जातात. अमेरिकेत ६० हर्ट्झ असल्यामुळे तेथे १/६० किंवा १/१२० ठेवावे. काही एलईडी दिवे विजेच्या वारंवारतेशी न जुळणाऱ्या स्वतःच्या गतीने लुकलुकतात, त्यांना हा उपाय लागू पडत नाही. तेथे यांत्रिक शटर लावून खटका समेखाली लपवणे हाच जुना मार्ग उरतो. म्हणून साउंड चेकच्या (कार्यक्रमाआधीच्या ध्वनिचाचणीच्या) वेळीच दोन छायाचित्रे घेऊन पडद्यावर मोठी करून पाहावीत. त्याच वेळी प्रकाशयोजना करणाऱ्या माणसाला विनंती करून पाच मिनिटे साधा पिवळसर पांढरा प्रकाश मागून घ्यावा. निळ्या-जांभळ्या प्रकाशात चेहऱ्याचा रंग असा काही जातो की नंतर संगणकावर कितीही खटपट केली तरी परत येत नाही.

भिंग एकच घ्या, ५० मिलिमीटरचे, एफ १.८ चे (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आणि चित्रातला स्पष्ट भाग कमी). लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर त्याची चौकट ७५-८० मिलिमीटरच्या भिंगासारखी पडते, म्हणजे दोन-अडीच मीटरांवरून बसलेल्या कलाकाराचे कमरेपासून वरचे चित्र मिळते. मात्र एफ १.८ वर सगळी छायाचित्रे काढण्याचा मोह आवरा, कारण चेहरा स्पष्ट येतो आणि हात धूसर होतो. वादकाच्या छायाचित्रात हात हरवून कसे चालेल? एफ २.८, शटर १/१०० आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० ही माझी सुरुवातीची मांडणी असते. रेला (बोलांची जलद, अखंड धार) चालू असताना बोटे गोठवायची असतील तर १/२५० हवे, पण खरे सांगायचे तर मला १/१०० वरचीच छायाचित्रे आवडतात: चेहरा स्थिर आणि बोटांच्या जागी नुसता वेगाचा धूर. फ्लॅश कधीच नको. त्याची कारणे द्यावी लागतील अशा माणसाने मैफलीत कॅमेरा काढू नये.

आणि तुम्ही स्वतः वाजवत असाल त्या कार्यक्रमात हे काहीच करायचे नाही. वर म्हटलेला उपाय तो हाच: माझा नियम असा आहे की साउंड चेक संपला की कॅमेरा पिशवीत जातो, पिशवीची चेन लागते आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उघडत नाही. मग छायाचित्रे काढायची कधी? ग्रीनरूममध्ये, गाडीत, फलाटावर, आणि तुमची साथ नसलेल्या सत्रांत. माझ्या संग्रहातले मला सर्वांत प्रिय छायाचित्र कोणत्याही रंगमंचावरचे नाही. ग्रीनरूममधल्या आरशासमोरच्या एकाच बल्बच्या उजेडात एक शिष्या तानपुऱ्याची जवारी लावते आहे. घोडीवर तारेखाली सरकवलेला रेशमाचा दोरा, तो केसाएवढा पुढेमागे करणारी करंगळी, आणि मान तिरकी करून ऐकणारा कान. जवारी लागल्याचा क्षण त्या चेहऱ्यावर दिसतो. बाहेरच्या छायाचित्रकाराला त्या खोलीत कोणी येऊ दिले नसते.

रेकॉर्डर आधी का, ते आता सांगतो. फोनवर चित्रण केले की फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत राहतो. गायक थांबला की तानपुरा फुगून वर येतो, गायक पुन्हा लागला की तो दबतो. ऐकताना समुद्राच्या लाटेवर बसल्यासारखे वाटते. काही फोन आणि व्हिडिओ कॉलची ॲप तर अखंड चालणारा तानपुरा म्हणजे पंख्याचा आवाज असे समजून तो चक्क पुसून टाकतात. डग्ग्याजवळ चौरंगावर ठेवलेल्या फोनची आणखी एक गंमत आहे: कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी यंत्रणाच डग्ग्याच्या कंपनाने हलते आणि प्रत्येक घुमाऱ्याला चित्र जेलीसारखे थरथरते. स्वतःचे वादन तपासून पाहायचे असेल, तर असे मुद्रण काही सांगत नाही. ध्वनीची पातळी स्वतःहून वरखाली न करणारा तळहाताएवढा रेकॉर्डर घ्या. झूम कंपनीचा एच १ एसेन्शियल किंवा त्या जातीचा कोणताही चालेल. ३२-बिट फ्लोट पद्धतीचा असेल तर पातळी चुकली तरी फाइलीतला आवाज फाटत नाही, मात्र मायक्रोफोनच फार जवळ ठेवला तर तो स्वतःच फाटतो, त्याला कोणतीही पद्धत वाचवत नाही. साधा २४-बिट रेकॉर्डर असेल तर साउंड चेकच्या वेळी सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा. साउंड चेकला कोणीही मनापासून वाजवत नाही. द्रुताच्या, म्हणजे जलद लयीतल्या भागाच्या, शेवटच्या तिहाईला आवाज सहा-आठ डेसिबल वर जातोच.

रेकॉर्डर ठेवायचा कुठे, हा प्रश्न रेकॉर्डरपेक्षा महत्त्वाचा आहे. समोरच्या बाजूला दीड-दोन मीटरांवर आणि बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या थोडा वर, ही जागा मला सर्वांत चांगली सापडली आहे. त्याहून जवळ गेलात तर तबलाच सगळे खाऊन टाकतो. अनेकजण मिक्सरवरून थेट जोडणी घेतात. छोट्या सभागृहात ती फसवते, कारण तबला मुळातच मोठ्याने ऐकू येत असल्यामुळे ध्वनिसंयोजकाने त्याला मिक्सरवर जवळजवळ उघडलेलेच नसते, आणि घरी येऊन ऐकले की आपण मैफलीला गेलोच नव्हतो असे वाटते. हे सगळे उभे करायला तिपाई लागते असे समजू नका. प्रत्येक रंगमंचावर एखादा रिकामा माइक स्टँड असतोच, फक्त त्याचा आटा ३/८ किंवा ५/८ इंचाचा असतो आणि रेकॉर्डर-कॅमेऱ्याचा १/४ इंचाचा. हे दोन्ही आटे १/४ वर आणणारी पितळी पेचांची जोडी ध्वनिसाहित्याच्या दुकानात अगदी थोड्या पैशांत मिळते. सोळा वर्षांत मी विकत घेतलेल्या सर्व वस्तूंत तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. दोन जोड्या घ्या, एक हमखास हरवते.

हवेचा विचार तुम्हाला सांगायला नको. पणजी किंवा रत्नागिरीला वातानुकूलित खोलीतून तबला बाहेर काढला की पुडी (तबल्यावरचे कातडे) उतरते, आणि ती स्थिरावेपर्यंत आपण लावायला बसत नाही. कॅमेऱ्यालाही तशीच हवा लागू द्यावी लागते. थंड भिंग दमट हवेत आले की त्यावर दव धरते, आणि ते आतल्या काचांवर वारंवार धरत राहिले तर बुरशी येते, जी काढण्याचा खर्च कधी कधी भिंगाच्या किमतीएवढा होतो. खोलीतून निघण्याआधीच कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि बाहेर अर्धा-पाऊण तास तसाच ठेवावा. दव पिशवीवर धरते, काचेवर नाही. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेल ठेवावे आणि कॅमेरा चामड्याच्या पेटीत बंद करून महिनोन्‌महिने विसरू नये.

कॅमेऱ्याचा एक उपयोग कोणी सांगत नाही, तो मी आवर्जून सांगतो. विमानतळावर वाद्य ताब्यात देण्यापूर्वी त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्या, शेवटचे छायाचित्र सामानाची चिठ्ठी लावल्यानंतरचे. एका दौऱ्यात माझ्या पेटीचा भाता कोपऱ्यात फाटून आला आणि ‘तो आधीच फाटका होता’ असे मला काउंटरवर ऐकवण्यात आले. दोन तासांपूर्वीच्या छायाचित्रामुळे तो वाद तेथेच मिटला. नुकसानीची नोंद विमानतळ सोडण्यापूर्वीच करून घ्यावी, आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत द्यावी लागते. परदेशी जाताना महाग कॅमेरा बरोबर असेल तर भारतीय सीमाशुल्क कक्षाकडून निर्यात प्रमाणपत्र घेऊन ठेवावे, म्हणजे परतताना तो तिकडून आणला का, हा प्रश्न उरत नाही. आणखी एक: आपले जुने इलेक्ट्रॉनिक तानपुरे अनेकदा फक्त २३० व्होल्टवर चालतात. कॅमेऱ्याचा चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही घेतो म्हणून तानपुराही घेईल असे गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या एका तळघरातल्या मैफलीत आम्ही शेवटी फोनमधल्या तानपुऱ्यावर वेळ निभावून नेली.

परवानगीचा विषय नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. कलावंताच्या सादरीकरणावर कायद्याने त्याचाच हक्क आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातले ३८अ कलम नेमके हेच सांगते. तुम्ही साथीला बसलात म्हणून गायकाचे गाणे मुद्रित करण्याचा परवाना आपोआप मिळत नाही. आधी विचारावे, तेही गाणे सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी नव्हे, तर आदल्या दिवशी फोनवर. ‘फक्त माझ्या अभ्यासासाठी’ म्हणून परवानगी घेतली असेल तर ती फाइल अभ्यासाच्या बाहेर जाऊ देऊ नये, मग मित्राने कितीही गळ घातली तरी. एका साथीदाराने अशी एक फाइल पुढे पाठवली आणि त्या गायकाकडून त्याला पुन्हा कधी बोलावणे आले नाही, एवढे मी पाहिले आहे. छायाचित्रांच्या बाबतीत मी आधी कलाकाराला तीन-चार पाठवतो आणि त्यांनी निवडलेलेच बाहेर टाकतो.

आता नावे घालण्याबद्दल. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ग्रामोफोनसाठी मुद्रित झाले, तेव्हा त्या गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव पुकारत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथल्या कामगारांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, हा त्यामागचा हेतू होता. मी तेच करतो. मुद्रण थांबवण्यापूर्वी रेकॉर्डरजवळ तोंड नेऊन तारीख, गाव, राग, ताल आणि कलाकारांची नावे बोलून ठेवतो. फाइलीचे नाव बदलायचे राहून जाते, संगणक बदलतो, पण आवाजात बोललेले फाइलीबरोबरच राहते. ४८ किलोहर्ट्झ, २४-बिट, दोन वाहिन्यांची वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी जागा घेते, त्यामुळे कार्डावर जागा करण्यासाठी दौऱ्यात काहीही पुसू नका. रात्री खोलीवर आल्यावर एक प्रत छोट्या एसएसडीवर (संगणकाला जोडायच्या साठवणीच्या डबीवर) घ्यावी आणि कार्ड एका पिशवीत, एसएसडी दुसऱ्या पिशवीत ठेवावी.

सहा महिने फोन, रेकॉर्डर आणि तो पितळी पेच यांवर काढा. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर वापरलेला मिररलेस कॅमेरा पाहायला जा, पण संध्याकाळी दुकान बंद होण्याच्या घाईत नव्हे. भिंग काढून त्यातून फोनची विजेरी आरपार धरा; कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर बुरशी आहे, उठून या. यांत्रिक शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा विचारा. वीस मिनिटे सलग चित्रण करून पाहा, म्हणजे कॅमेरा किती तापतो ते कळेल. जुने अनेक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, तेव्हा संपूर्ण विलंबित ख्याल एका दमात टिपायचा असेल तर ही गोष्टही तेथेच विचारून घ्या. आणि सगळे ठीक वाटले तर निःशब्द शटर बंद करून, कॅमेरा कानाजवळ धरून एकदा खटका ऐका.